एका घावात तोटी

सिरिल टॅन्डी तोटी एका घावात ठोकायचा.

बिअरचं पिंप घोडीवर आडवं निजवलेलं असतं. त्याच्या तोंडाला अंगठ्याएवढा लाकडी दट्ट्या बसवलेला असतो. त्यावर पितळी तोटी टेकवायची, डाव्या हातानं धरायची आणि उजव्या हातानं लाकडी हातोडा घालायचा. दट्ट्या आत जातो, तोटी त्याची जागा घेते. घाव उणा पडला तर बिअरची चूळ तोंडावर येते. दोन घाव लागणारा माणूस भिजतो, आणि भिजलेला माणूस तळघरातून वर आला की सगळा पब हसतो. एकोणीस वर्षांत सिरिल एकदाही भिजून वर आला नव्हता.

हा हात त्याला साखळीच्या कारखान्यानं दिला होता. कारखाना पबच्या समोरच, कालव्याला लागून. जहाजांचे नांगर अडकवायच्या साखळ्या तिथं व्हायच्या, एकेक कडी माणसाच्या मांडीएवढी. एकतीस वर्षं सिरिलनं तिथं घण मारला. लेन स्मॉलमन सांडशीत लालभडक कडी धरायचा, सिरिल घण घालायचा. लेनच्या हाताला अजून दहाच्या दहा बोटं आहेत. सिरिलबद्दल दुसरं काही सांगायचं नसलं तरी एवढं पुरे.

कारखाना बंद झाला तेव्हा सिरिल एकावन्न वर्षांचा होता. शेवटच्या दिवशी सगळे सरळ रस्ता ओलांडून 'द बेलोज'मध्ये गेले. पबच्या दारावर लोहाराच्या भात्याचं चित्र, म्हणून हे नाव. त्या दुपारी मालकीण आयरिस फेलोजनं कलेजीचे गोळे, वाटाणे आणि रस्सा असं जेवण सगळ्यांना वाढलं. तेव्हापासून दर वर्षी मार्चच्या पहिल्या शनिवारी दुपारी कारखान्याची जुनी माणसं तिथं जेवायला जमतात. पहिल्या वर्षी सत्तेचाळीस होती, यंदा अकरा होती. त्या जेवणाला गोळे आणि वाटाणे लागतातच, आणि काळी माइल्ड लागते. माइल्ड म्हणजे गडद रंगाची, अंगानं हलकी बिअर. भट्टीपुढं दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला चार ग्लास पचावेत एवढीच चढणारी. दुसरी बिअर म्हणजे फिकी, कडवट बिटर. ती या भागात पाहुण्यांसाठी.

कारखाना सुटल्यावर सिरिल महिनाभर घरात बसला. मग एके सकाळी आयरिसनं त्याला बोलावून तळघराची किल्ली हातात दिली. तिचा तळघरवाला पाठीच्या दुखण्यानं काम सोडून गेला होता.

"बिअरचं मला काही कळत नाही," सिरिल म्हणाला.

"एकतीस वर्षं ढोसतोयस ना?"

"पिणं निराळं."

"मग शिक," आयरिस म्हणाली. "आणि पायऱ्यांवर डोकं सांभाळ. वरची तुळई खाली आहे."

तो शिकला. सोमवारी गाडी यायची, रस्त्यावर उघडणाऱ्या तळघराच्या दारांतून पिंपं दोरावर खाली सरकायची. पिंप घोडीवर चढवलं की दोन्ही बाजूंनी पाचरी मारायच्या, केसाएवढंही हलता कामा नये. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी घालायची, म्हणजे आतली बिअर श्वास घेते, फेस बाहेर टाकते. दर दोन तासांनी खुंटी पुसायची. फेस थांबला की मऊ खुंटी काढून कठीण खुंटी मारायची. मग दोन दिवस पिंपाला हात लावायचा नाही. गाळ तळाशी बसतो. तोटी ठोकली की बिअर तीन दिवसांत संपली पाहिजे, चौथ्या दिवशी ती मरते. एक तृतीयांश उरली की पिंप मागून हळूच उचलून तिरकं करायचं, इतकं सावकाश की आतल्या गाळाला कळू नये. घाई केली तर खालचा चिखल वर येतो. यातलं काहीही वर बसून पिणाऱ्याला दिसत नाही. त्याला ग्लास दिसतो.

रोज सकाळी अकराला सिरिल पंपाचा दांडा ओढून थोडी बिअर ग्लासात घ्यायचा. आधी दिव्यासमोर धरायचा, मग नाक घालायचा, मग एक घोट. नाक हे मुख्य. बिअर बिघडायला लागली की आधी नाकाला कळतं, जिभेला उद्या, डोळ्याला परवा.

आता त्या भागातल्या लोकांची एक गोष्ट सांगायला हवी. तिथं कुणी तोंडावर तक्रार करत नाही. मालकीण येऊन विचारते, "सगळं ठीक?" उत्तर एकच, "छान आहे." एकदा लेनला मांसाचं सारण भरलेला गरम 'मीट पाय' दिला, तो वरून तापलेला आणि आतून बर्फाचा गोळा. लेननं तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. त्याच्या दातांचा आवाज शेजारच्या टेबलाला ऐकू येत होता.

आयरिस आली. "सगळं ठीक?"

"छान आहे," लेन म्हणाला.

घरी जाताना तो सिरिलला म्हणाला, "दाढ गेली माझी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिनं एवढ्या आपुलकीनं विचारलं, लेका!"

जानेवारीच्या शेवटी सिरिलला फ्लू झाला. सकाळी तळघरात तोट्या धुताना थंडी भरली. त्यानं तोट्या धुतल्या, पुसल्या, जागेवर टांगल्या. तोटी आणि नळी यांच्या सांध्यात बसणाऱ्या बुचाच्या चकत्या धुतल्या आणि ओल्याच डब्यात टाकून झाकण लावलं. एकोणीस वर्षांत ओली चकती डब्यात गेली नव्हती. त्या दिवशी गेली. घरी गेला तो दोन आठवडे बिछान्यात. तेवढे दिवस ब्रुअरीचा माणूस स्वतःचं सामान घेऊन येऊन तळघर बघत होता.

बरा होऊन उठला त्या सकाळी त्यानं पाव भाजायला ठेवला आणि खिडकीशी उभा राहिला. शेजारीण दार ठोकायला लागली तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. सिरिलला धूर दिसला, वास आला नाही. त्यानं कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरला. मग घासलेटचा डबा. मग कपाटातला बायकोचा स्कार्फ. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, त्या स्कार्फला अजून तिच्या पावडरचा वास होता. म्हणजे असायचा.

बराच वेळ तो स्कार्फ मांडीवर घेऊन बसून राहिला. मग घडी घालून ठेवला आणि कामावर गेला.

"कसं वाटतंय आता?" आयरिसनं विचारलं.

"ठीक," सिरिल म्हणाला.

त्याचा हिशेब सरळ होता. तळघरवाल्याला नाक नाही म्हणजे घण मारणाऱ्याला हात नाहीत. सांगितलं तर आयरिस वाईट बोलणार नव्हती, जा म्हणणार नव्हती. ती चहा देणार होती. खुर्ची देणार होती. आणि महिन्याभरानं कुणीतरी दुसराच माणूस पिंपं चढवणार होता, आणि सिरिल वर बसून त्याच्या पाचरी ऐकणार होता. सत्तर वर्षांचा माणूस घरात बसून काय करतो ते त्यानं एकावन्नाव्या वर्षी महिनाभर बघून ठेवलं होतं.

म्हणून त्यानं काम वाढवलं. तळघरातून वर पंपापर्यंत बिअर नेणाऱ्या नळ्या आठवड्यातून एकदा धुवायचा, त्या दोनदा धुवायला लागला. तोट्या आणि चकत्या दहा मिनिटं उकळायचा, त्या अर्धा तास उकळल्या. फरशी गुडघ्यावर बसून घासली. सकाळी ग्लास दिव्यासमोर धरला, बिअर नितळ होती. घोट घेतला. जीभ गोड सांगत होती, कडू सांगत होती, आंबट नाही म्हणत होती. जिभेला तेवढंच कळतं. सिरिलनं मान हलवली आणि दार उघडलं.

पहिला इशारा त्याच्या हाताला मिळाला. शुक्रवारी सकाळी माइल्डचं पिंप तिरकं करायची वेळ. त्यानं मागून पिंपाला हात घातला आणि थांबला. जड होतं. शुक्रवारी असायला हवं त्यापेक्षा पुष्कळ जड. थंडी आहे, लोक घरी बसलेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण बिटरचं पिंप हलकं होतं. बिटर संपत आली होती.

तो वर गेला. लेन कोपऱ्यात नेहमीच्या जागी, डोमिनोच्या सोंगट्या मांडून. त्याच्या समोर पिवळा ग्लास.

"बिटर?" सिरिल म्हणाला.

"जरा बदल," लेन म्हणाला. नजर सोंगट्यांवर.

"एकोणपन्नास वर्षांनी?"

"माणसानं नवं काहीतरी करून बघावं."

शेकोटीशी मेबल राउंड बसली होती. वय शहाऐंशी. पोरवयात घरामागच्या अंगणात भट्टी लावून साखळीच्या कड्या वळलेली बाई, मनगटं अजून लोहाराची. तिच्यासमोर बाटलीतली बिअर होती. मेबल आणि बाटली!

"डॉक्टरनं सांगितलं," मेबल म्हणाली.

"काय सांगितलं?"

"बाटली."

सिरिलनं काउंटरवर उभ्या नॉर्मनला विचारलं. नॉर्मन बस चालवायचा, त्याच्या हातात निदान माइल्ड होती. "कशी आहे?"

"छान आहे," नॉर्मन म्हणाला आणि ग्लास खाली ठेवला.

पुढच्या पिंपाची तळाची बिअर सिरिलला ओतून द्यावी लागली. त्याच्या मागच्याची त्याहून जास्त. बिअर मोरीत ओतणं म्हणजे कुणाच्या तरी दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी. त्यानं तोटी बदलली नाही, कारण तोटी चांगली होती. त्यानं नळी बदलली. पंप खोलला, एकेक नट तेलात बुडवून पुन्हा जुळवला. रात्री पाठ धरायची. सकाळी पुन्हा सहा वाजता तळघरात. आयुष्यात प्रथमच जास्त काम केल्यानं काही सुधारत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नव्हती.

जेवणाच्या आदल्या मंगळवारी दुपारी ती शिरली.

तळघराचा जिना काउंटरच्या मागे वर येतो. शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की डोकं जमिनीच्या वर येतं आणि काउंटरच्या फळकुटांतून कोपरा दिसतो. सिरिल हातात बादली घेऊन तिथवर आला होता. लेनसमोर माइल्डचा ग्लास होता. लेननं इकडंतिकडं पाहिलं. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाक घट्ट दाबलं, ग्लास उचलला आणि लहान मुलाला एरंडेल पाजतात तसा स्वतःलाच पाजला. तीन मोठे घोट. ग्लास खाली ठेवून नाक सोडलं. डोळ्यांतून पाणी आलं होतं.

शेकोटीपासून मेबल म्हणाली, "आज तुझी पाळी का?"

"हो," लेन म्हणाला. "नॉर्मनची काल झाली."

सिरिलनं बादली पायरीवर ठेवली. ती जराशी वाजली. लेननं मान वर केली तेव्हा सिरिल वर आलेला होता.

"कशी आहे?" सिरिलनं विचारलं.

लेनचा चेहरा पडला, पण तोंडानं आपलं काम केलं. "छान आहे."

"लेन."

"छान आहे म्हटलं ना!"

सिरिल टेबलाशी आला, समोरची खुर्ची ओढून बसला. एकतीस वर्षं ज्या बोटांच्या शेजारी त्यानं घण घातला होता ती बोटं समोर होती. या लोकांना 'ठीक आहे का' विचारलं तर मेले तरी ते 'छान' म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. तो त्यांच्यातलाच.

"मी नीट विचारलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा विचारतो. काय वाईट आहे?"

काउंटरमागे आयरिसचा ग्लास पुसणारा हात थांबला.

असा प्रश्न त्या पबात कधी कुणी विचारला नव्हता. त्याला तयार उत्तर नव्हतं.

"ओलं पोतं," मेबल शेकोटीकडं बघत म्हणाली.

"काय?"

"ओल्या पोत्याचा वास येतो, पोरा. पावसात राहिलेल्या. तीन आठवडे झाले."

"पोतं नाही," लेन म्हणाला. एकदा बूच निघाल्यावर त्यालाही थांबवेना. "आमच्या कुत्र्याचं अंथरूण. म्हातारा होऊन मेला ना, तो. त्याचं."

"तळघराचा वास," दारातून आत येता येता नॉर्मन म्हणाला. काय चाललंय हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. "चर्चच्या तळघराचा."

"आणि विषय निघालाच आहे तर ही खुर्ची डुगडुगते," मेबल म्हणाली. "अकरा वर्षं."

"आणि वाटाणे अळणी असतात," लेन म्हणाला.

"वाटाण्यांना काय झालं?" आयरिसनं विचारलं.

"तू मध्ये पडू नकोस, आयरिस, त्यानं विचारलंय," मेबल म्हणाली. "वाटाणे अळणी असतात."

सिरिलनं हात वर केला. "पाळी कसली?"

मेबलनं लेनकडं पाहिलं.

"लेन. पाळी कसली?"

लेननं एक सोंगटी उचलून आडवी ठेवली. "रोज एकानं माइल्ड घ्यायची. निदान दोन-चार ग्लास तरी जावेत. पिंप अगदी भरलेलंच राहिलं तर तुला कळेल, म्हणून."

"मला कळू नये म्हणून तुम्ही हे प्यायलात?"

"आळीपाळीनं," नॉर्मन म्हणाला. "एकट्याला झेपत नव्हती."

"भट्टीपुढं कडी नखभर सरकली तर दहा शिव्या घालायचास तू," सिरिल लेनला म्हणाला. आवाज वर गेला होता. "पोरांसमोर, मुकादमासमोर. तेव्हा नाही म्हणालास कधी, छान आहे!"

"तिथं माझं बोट गेलं असतं," लेन म्हणाला. "इथं तू गेला असतास."

शेकोटीत एक कोळसा फुटला. आयरिसनं फडकं खांद्यावर टाकलं आणि काउंटरला वळसा घालून बाहेर आली.

"मला वास येत नाही," सिरिल म्हणाला. "कशाचाच. फ्लूपासून."

"पाच आठवडे?" आयरिस म्हणाली. "मी रोज विचारत होते तुला, कसा आहेस म्हणून."

"मी रोज ठीक म्हणत होतो."

मेबल हसली. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवून. "अगदी आमच्यातला आहेस," ती म्हणाली.

बाकी कुणी हसलं नाही. सिरिलनं खिशातून तळघराची किल्ली काढली. दोरीत बांधलेली, बोटाएवढी जुनी लोखंडी किल्ली. ती त्यानं काउंटरवर ठेवली. "शनिवारी अकरा जण येणार. त्यांना हे पाजता येणार नाही. ब्रुअरीला फोन कर, त्यांचा माणूस पाठवतील."

आयरिसनं किल्लीला हात लावला नाही. "ब्रुअरीचा माणूस सोमवारी येतो. शनिवारचं काय?"

"मला काय विचारतेस? मला वास येत नाही."

"लेनला येतो," आयरिस म्हणाली. "लेन, ऊठ."

"मी?"

"बर्फाचा मीट पाय खाल्लास तो तू. ऊठ."

लेन तळघरात कधी उतरला नव्हता. पहिल्याच तुळईला त्याचं डोकं आपटलं. खाली सिरिलनं दिवा जवळ ओढला आणि एकेक वस्तू त्याच्यापुढं धरायला सुरुवात केली, जशी लेननं त्याच्यापुढं एकतीस वर्षं कडी धरली होती. ठोकणारा आता धरणारा झाला होता, आणि घाव लेनच्या नाकाचा.

"नळी."

"साबण."

"खुंट्या."

"लाकूड. स्वच्छ लाकूड."

"हातोडा."

"हातोड्याला काय हुंगायचं, लेका?"

"हुंग."

"घाम. तुझा."

"माइल्डची तोटी."

लेननं नाक जवळ नेलं आणि थबकला. तोटीच्या मागच्या टोकाला, नळी जिथं जुळते तिथं, बुचाची पातळ चकती असते. त्यानं पुन्हा हुंगलं. "इथं आहे."

"तोटी मी अर्धा अर्धा तास उकळतो."

"अर्धा दिवस उकळ. इथंच आहे. ही वाटोळी कसली?"

सिरिल वळला. मागच्या फळीवरून चकत्यांचा पत्र्याचा डबा काढून त्यानं झाकण उघडलं. लेन तीन पावलं मागं गेला आणि पुन्हा तुळईवर आपटला.

"देवा! हेच! आमचा कुत्रा!"

सिरिल डब्यात बघत राहिला. बुचाच्या चकत्या दिसायला चांगल्या होत्या, कोरड्या होत्या. बुरशी बुचाच्या पोटात गेली होती. तिथं उकळतं पाणी पोचत नाही. पिंप बदललं, नळी बदलली, पंप खोलला, आणि दर वेळी याच डब्यातली नवी चकती घालून सगळी बिअर तिच्यातून वर पाठवली. बिटरची तोटी नव्या घाटाची, तिला प्लास्टिकची चकती, म्हणून ती वाचली. थंडी भरलेली ती सकाळ त्याला आठवली. पुसायला दोन मिनिटं लागली असती.

"ओल्या ठेवल्या मी," तो म्हणाला.

"ताप होता तुला."

"ओल्या ठेवल्या," सिरिल म्हणाला.

डबा त्यानं स्वतः नेऊन शेकोटीत रिकामा केला. मेबलनं नाकाला पदरासारखा स्कार्फ लावला आणि जळेपर्यंत एकही शब्द बोलली नाही, एवढी सभ्यता तिनं दाखवली. माइल्डची जुनी तोटी मोडीत गेली. बुधवारी नॉर्मननं बसच्या फेरीत ब्रुअरीच्या डेपोपाशी गाडी उभी करून नव्या घाटाची तोटी आणली. उतारू बारा मिनिटं बसून राहिले. कुणी तक्रार केली नाही.

सोमवारी आलेलं माइल्डचं पिंप घोडीवर बसलेलंच होतं. फेस थांबला होता. सिरिलनं गुरुवारपर्यंत त्याला हात लावला नाही. नळी धुतली, चार बादल्या साधं पाणी ओढलं, आणि प्रत्येक बादलीगणिक लेनला जिन्यावरून हाक मारून हुंगवली. चौथ्या बादलीला लेन म्हणाला की आता त्याला पाण्याचाही वास यायला लागलाय, सोड. गुरुवारी सिरिलनं नवी तोटी टेकवली, डाव्या हातानं धरली, उजवा उचलला.

एक घाव. एक थेंब बाहेर आला नाही.

किल्ली अजून काउंटरवरच होती. तीन दिवस लोक तिच्या शेजारी ग्लास ठेवत होते, तिला कुणी हलवत नव्हतं. सिरिल सकाळी आयरिसकडून तिच्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं तळघर उघडून घ्यायचा आणि काम झालं की वर येऊन पाहुण्यासारखा बसायचा. तो विचारत नव्हता, आयरिस सांगत नव्हती.

शनिवारी अकराला रस्सा उकळायला लागला होता. वाटाण्यांत आयरिसनं चमचाभर मीठ जास्त घातलं होतं, रागानं. मेबल तासभर आधी येऊन बसली होती. तिच्या खुर्चीच्या पायाखाली आता लाकडाची पातळ चकती होती, सिरिलनं रंधा मारून बसवलेली. सिरिलनं पंपाचा दांडा ओढला. सावकाश, एका दमात. काळी बिअर वर आली, फेस बसला, खालून वर नितळ झाली. त्यानं ग्लास दिव्यासमोर धरला. घोट घेतला. त्याच्याकडं होतं तेवढं सगळं त्यानं वापरलं. मग दुसरा अर्धा ग्लास भरून मेबलपुढं ठेवला आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

"काय वाईट आहे?"

मेबलनं घाई केली नाही. ग्लास फिरवला. नाक आत घातलं. डोळे मिटले. लेननं सोंगट्या मांडणं थांबवलं.

"ग्लासच्या कडेला फडक्याचा धागा आहे," ती म्हणाली.

सिरिलनं धागा बोटानं काढला. "आणखी?"

"किंचित थंड आहे. तळघराची दारं उघडी ठेवली असशील."

"ठेवली होती. बंद करतो. आणखी?"

मेबल प्यायली. एक घोट, मग दुसरा, मग ग्लास रिकामा होईपर्यंत खाली ठेवलाच नाही. ओठावरचा फेस पुसला.

"आणखी विचार करून सांगते," ती म्हणाली. "पुरा ग्लास दे."

आयरिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "रोज अकराला येत जा, मेबल," ती म्हणाली. "तुझं नाक, त्याचे हात."

"फुकट?"

"अर्धा ग्लास."

"पुरा."

"अर्धा. आणि वाटाण्यांबद्दल तोंड उघडायचं नाही."

बाहेर फाटकाची कडी वाजली. जुन्या माणसांपैकी पहिले दोघं आले होते, एक काठी टेकत, दुसरा त्याच्या खांद्याला धरून. सिरिलनं काउंटरवरची किल्ली उचलून खिशात टाकली. आयरिसनं पाहिलं आणि वळून कढईकडं गेली.

"किती जण येणार म्हणालास?" लेननं विचारलं.

"अकरा."

"तासाभरात पिंप तिरकं करावं लागेल तुला."

"दुपारी तीनला," सिरिल म्हणाला आणि दारं बंद करायला जिना उतरला. तुळईखाली त्यानं आपसूक मान वाकवली.